चिडखोर आतडे : चोर कोण आणि संन्यासी कोण?

लग्नाच्या पंगतीत एक दृश्य आपण पुष्कळदा पाहिले असेल. पाने मांडलेली असतात, वाढपी वरणाचे भांडे घेऊन येतो, आणि एक गृहस्थ पानावर हात आडवा धरून म्हणतात, "वरण नको. मला सोसत नाही." मागून येणारी भाजी, कोशिंबीर, मठ्ठा, जिलबी यांनाही तोच आडवा हात. शेवटी पानात भाताची मूद, चमचाभर तूप आणि लिंबाची फोड एवढेच उरते. यजमान कष्टी होतात, शेजारचे थट्टा करतात. त्या गृहस्थांच्या मनात मात्र एकच चिंता घोळत असते : या कार्यालयात शौचालय कोणत्या बाजूला आहे?

या माणसाचे दुखणे खोटे नाही, हे मी आरंभीच सांगून टाकतो. त्याच्या पोटात खरोखरीच कळा येतात, पोट खरोखरीच फुगते. प्रश्न एवढाच की, ज्या पदार्थांना त्याने हद्दपार केले, तेच अपराधी होते काय? "चोर सोडून संन्याशाला फाशी" अशी आपल्याकडे म्हण आहे. चिडखोर आतड्याच्या विकारात हा अन्याय रोज घडतो, आणि त्याची शिक्षा पदार्थाला न होता माणसालाच होते. तेव्हा खरा चोर हुडकावा कसा, याविषयी मी आज आपल्याशी चार गोष्टी बोलणार आहे.

प्रथम विकाराची ओळख करून घेऊ. डॉक्टर मंडळी याला 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम', संक्षेपाने आय. बी. एस. म्हणतात. पोटात वारंवार दुखणे, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणे, आणि शौचाची वेळ किंवा स्वरूप बदलणे, अशी ही त्रयी आहे. कोणाला जुलाब होतात, कोणाला मलावरोध होतो, तर कोणाला आठवड्यात दोन्ही भोग भोगावे लागतात. २०१६ साली ठरलेल्या 'रोम' निकषांप्रमाणे, गेल्या तीन महिन्यांत सरासरीने आठवड्यातून निदान एक दिवस असे दुखत असेल आणि त्रासाचा आरंभ सहा महिन्यांपूर्वी झाला असेल, तर हे निदान करता येते. यात आतड्याला व्रण पडत नाही, सूज दिसत नाही, गाठ नसते. दुर्बिणीने पाहिले तरी आतडे निरोगी दिसते. म्हणूनच "तुम्हांला काहीही झालेले नाही" असे रुग्णाला ऐकावे लागते. ते वाक्य अर्धेच खरे आहे. यंत्राची मोडतोड झालेली नसते, पण त्याची चाल बिघडलेली असते.

मात्र पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर हे नाव चिकटवू नये. शौचावाटे रक्त पडणे, प्रयत्न न करता वजन घटणे, ताप येणे, रक्त कमी होणे, रात्री झोपेतून उठविणारे जुलाब, पन्नाशी उलटल्यावर प्रथमच सुरू झालेला त्रास, किंवा घराण्यात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर रोजनिशी लिहीत न बसता आधी डॉक्टरांकडे जावे. आपल्या देशात आतड्याचा क्षय अद्यापही आढळतो, हेही विसरून चालणार नाही. जी चौकशी मी आज सांगणार आहे, ती या शंका फिटल्यानंतरची आहे.

आता 'कारण' आणि 'निमित्त' यांतला भेद ध्यानात घेऊ. कोठारात दारू भरलेली असली म्हणजे ठिणगी पडताच भडका उडतो. दारू हे कारण, ठिणगी हे निमित्त. या विकारात दारू म्हणजे आतड्याचा हळवेपणा. आपल्या आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतंत्र जाळे असते, आणि ते मेंदूशी अखंड बोलत असते. या संभाषणात पोटाकडून मेंदूकडे जाणारे निरोपच अधिक असतात. निरोगी माणसाला आतड्यातला वायू जाणवतही नाही. या रुग्णांत मात्र तेवढाच वायू कळ बनून मेंदूपर्यंत पोहोचतो. काहींत हा हळवेपणा एखाद्या जोरदार हगवणीनंतर उत्पन्न होतो. दूषित पाण्याने किंवा अन्नाने आतड्यास संसर्ग झालेल्या दहा जणांपैकी सुमारे एकाला पुढे हा विकार जडतो. हगवण आठवड्यात बरी होते, आतड्याची स्मृती मात्र वर्षानुवर्षे जात नाही.

हा हळवेपणा आज एका गोळीने नाहीसा करता येत नाही. ठिणग्या ओळखून टाळता येतात. तेवढ्यानेही माणसाचे अर्धे आयुष्य त्याला परत मिळते.

अनेक रुग्णांच्या हकिकती एकत्र करून मी आपणांपुढे एक मास्तर उभे करतो. मास्तर इंदूरचे, होळकरांच्या काळापासून तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले, शाळेतून सेवानिवृत्त झालेले. दुपारी साडेबारास जेवायला बसावयाचे आणि एक वाजता पोटात मुरडा उठावयाचा, हा त्यांचा तीन वर्षांचा अनुभव. त्यांनी विचार केला, नुकतेच काय खाल्ले? वरण. म्हणून वरण बंद. आठ दिवसांनी पुन्हा दुखले, तेव्हा भाजी बंद. मग दही, मग केळे, मग पोळी. मास्तर गणिताचे, म्हणून वजाबाकीत निष्णात! वर्षभरात पानातले पदार्थ चारांवर आले, वजन सहा किलोंनी उतरले, आणि एक वाजताचा मुरडा होता तेथेच राहिला. वजन उतरलेले पाहून डॉक्टरांनी प्रथम सर्व तपासण्या करविल्या. त्यांत काही निघाले नाही. वजन रोगाने उतरले नव्हते, उपासमारीने उतरले होते.

मास्तरांची चूक कोठे झाली? त्यांनी शेवटच्या घासाला आरोपी ठरविले. आता आतड्याचे वेळापत्रक पाहा. लहान आतडे सुमारे वीस फूट लांबीचे. पोटातून निघून अन्नाचा उरलासुरला भाग मोठ्या आतड्याच्या दाराशी पोहोचावयास कित्येक तास लागतात. उलट, जठरात अन्न पडताच मोठ्या आतड्याला जाग येते आणि ते आकुंचन पावू लागते, ही निसर्गाचीच योजना आहे. तान्हे मूल दूध पिताच लंगोट भिजविते ते याच प्रतिक्रियेने. म्हणजे साडेबाराच्या जेवणाने एक वाजता जो मुरडा उठतो, त्यात जेवणाने केवळ घंटा वाजविलेली असते. मोठ्या आतड्यात त्या वेळी जो वायू आणि जे पाणी साठलेले असते, ते सकाळच्या आठ वाजताच्या न्याहारीचे असू शकते. घंटा वाजविणारा शिपाई पकडला गेला आणि खरा गुन्हेगार चार तास आधीच पसार झाला, असा हा प्रकार आहे.

मग अन्नातले खरे संशयित कोण? याविषयी गेल्या वीस वर्षांत पुष्कळ उलगडा झाला आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील मोनाश विद्यापीठात पीटर गिब्सन व सू शेफर्ड यांनी काही विशिष्ट शर्करांचा एक गट वेगळा काढला आणि २००५ साली त्यास 'फॉडमॅप' हे नाव दिले. नाव विचित्र असले तरी गोष्ट सोपी आहे. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या जाताना आपल्याबरोबर पाणी ओढून नेतात, आणि मोठ्या आतड्यात पोहोचल्या की तेथील जंतू त्यांना आंबवून वायू तयार करतात. पाणी आणि वायू यांनी आतडे ताणले जाते. निरोग्याला याचे काही वाटत नाही, हळव्या आतड्याला मात्र तो ताण सहन होत नाही.

या शर्करा आपल्या स्वयंपाकघरात कोठे असतात, ते पाहू. कांदा, लसूण आणि गहू यांत 'फ्रुक्टन' असते. ते पचविणारे द्रव्य कोणत्याही माणसाच्या आतड्यात नसते. हरभरा, राजमा, वाटाणा यांसारखी कडधान्ये आणि गोव्याचे काजू यांत दुसऱ्या जातीची साखर असते, तीही कोणास पचत नाही. दुधातली साखर पचविण्याची शक्ती पुष्कळ भारतीयांत बालपणानंतर क्षीण होत जाते. म्हणून पेलाभर दूध, बासुंदी, किंवा दूध आटवून केलेला बेळगावचा कुंदा एखाद्याला बाधतो. त्याच माणसाला दही पुष्कळदा चालते, कारण विरजणाने त्यातली काही साखर आधीच फस्त केलेली असते आणि उरलेली पचविण्यासही तेच विरजण साहाय्य करते. आंबा, सफरचंद, कलिंगड यांतली फळशर्करा काहींना अधिक होते. आणि 'साखरविरहित' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत सॉर्बिटॉलसारखी द्रव्ये असतात. मधुमेहाच्या भीतीने त्या चघळणारा माणूस जुलाबाचे खापर मात्र भाजीवर फोडतो. तांदूळ, ज्वारी, बटाटा, गाजर, काकडी, पडवळ, संत्रे, अंडी, मासे ही मंडळी या बाबतीत बहुधा निरुपद्रवी आहेत.

आता एक मौजेचा आणि बोधप्रद प्रयोग सांगतो. अलीकडे पुष्कळ जण गव्हातल्या 'ग्लूटेन' नावाच्या प्रथिनाला पोटाचा शत्रू मानून गहू सोडतात. नॉर्वेची राजधानी ओस्लो येथे अशा ५९ जणांवर प्रयोग झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांना तीन प्रकारच्या वड्या एकेक आठवडा खाण्यास दिल्या. एकीत ग्लूटेन होते, दुसरीत फ्रुक्टन, आणि तिसरीत यांपैकी काहीच नव्हते. कोणत्या आठवड्यात कोणती वडी, हे ना खाणाऱ्यास ठाऊक, ना देणाऱ्यास. निकाल असा लागला : १३ जणांना सर्वांत अधिक त्रास ग्लूटेनच्या वडीने झाला, २४ जणांना फ्रुक्टनच्या वडीने, आणि २२ जणांना ज्या वडीत काहीच नव्हते तिने!

या निकालाचे दोन अर्थ आहेत. पहिला हा की, एकाच गव्हाच्या दाण्यात चोर आणि संन्यासी शेजारी शेजारी राहत होते, आणि बहुतेकांनी संन्याशालाच धरले होते. दुसरा अर्थ अधिक नाजूक आहे. "आता बाधणार" ही धास्ती स्वतःच एक ठिणगी असते. त्या २२ जणांचे दुखणे काल्पनिक नव्हते. धास्तीने त्यांचे आतडे खरोखरच चाळवले असणार. आपल्या मनात आधीच ठरलेला आरोपी असेल, तर आपली साक्षही त्याच्याविरुद्धच जाते, एवढा बोध यातून घ्यावा. एक सावधगिरी मात्र हवी. 'सिलिअॅक' नावाच्या निराळ्या रोगात ग्लूटेन हाच खरा शत्रू असतो, आणि त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधी गहू सोडला तर तपासणी फसवी ठरते.

अन्नापलीकडची निमित्ते पाहण्यापूर्वी आपल्याच एका जुन्या ग्रंथाची आठवण होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आहार हितकर होईल की अहितकर हे ठरविणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत : पदार्थाची प्रकृती, त्यावर केलेला संस्कार, संयोग, राशी म्हणजे प्रमाण, देश, काल, खाण्याचे नियम, आणि स्वतः खाणारा. पदार्थाचे नाव या आठांपैकी एकाच रकान्यात येते, हे ध्यानात घ्या. आपण मात्र तेवढाच एक रकाना भरतो आणि न्याय देऊन मोकळे होतो.

संस्काराचे उदाहरण घ्या. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून दिले, तर बाधणाऱ्या साखरेचा काही भाग पाण्याबरोबर निघून जातो. इडलीच्या पिठासारखे आंबविले, तर जंतू आपल्या आधीच ती साखर खातात. लसणातले फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून फोडणीच्या तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या, तर स्वाद उरतो आणि उपद्रव टळतो. आमटीत उकळून पाकळ्या काढल्या, तर मात्र उपयोग नाही, कारण उपद्रव आमटीत उतरलेला असतो. कांद्या-लसणावाचून स्वयंपाक कसा करावा, हे मराठी घरांना शिकवावयास नको. कांदेनवमीला कांदाभजी खाऊन एकादशीपासून चार महिने कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरे आजही आहेत. ज्यांना चातुर्मासात पोट हलके वाटते आणि चातुर्मास संपताच पुन्हा जड होते, त्यांनी त्या योगायोगाकडे जरा निरखून पाहावे.

राशीचेही तसेच. चमचाभर कांदा ज्याला काही करीत नाही, त्यालाच ओंजळभर कांदा आडवा करतो. आणि संयोग? सकाळी थोडा कांदा, दुपारी थोडी उसळ, संध्याकाळी थोडे दूध. यांतले एकेकटे सोसते. तिघे एकत्र आले की प्याला भरून वाहतो, आणि शेवटचा थेंब ज्याचा, तो फुकट बदनाम होतो.

यांखेरीज इतर निमित्तेही आहेत. तळकट जेवणाने आतड्याचे आकुंचन अधिक जोरदार होते. म्हणूनच साबुदाण्याचे वडे खाऊन केलेला उपास पोटाला उपासासारखा वाटत नाही. तिखटातील दाहक द्रव्य आतड्यातल्या वेदनेच्या तंतूंनाच चेतविते. कॉफीने काहींच्या मोठ्या आतड्याला काही मिनिटांतच हालचाल सुरू होते. मलावरोधावर म्हणून आवर्जून खाल्लेला गव्हाचा कोंडा पुष्कळांना फुगवितो, तेथे इसबगोल अधिक सौम्य ठरतो. पुष्कळ स्त्रियांना मासिक पाळीच्या दिवसांत त्रास वाढल्याचे आढळते. त्यांनी ते दिवस नोंदविले नाहीत, तर त्या दिवशीच्या भाजीवर नाहक आळ येईल. औषधेही विसरू नका. मधुमेहावरील मेटफॉर्मिनने आणि मॅग्नेशियम असलेल्या अम्लपित्ताच्या औषधांनी जुलाब होऊ शकतात. लोहाच्या गोळ्यांनी आणि रक्तदाबावरील काही औषधांनी मलावरोध होऊ शकतो. अर्थात डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणतेही औषध बंद करू नये.

राहता राहिला तो खाणारा, म्हणजे आपण स्वतः. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठराला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. लष्करी शल्यवैद्य विल्यम ब्यूमाँट यांनी त्या झरोक्यातून अनेक वर्षे पचनाचे निरीक्षण केले आणि १८३३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. माणूस रागावला किंवा अस्वस्थ झाला की जठराच्या अस्तराचे रूप आणि पचन दोन्ही बदलतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्याच शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांनी नव्याने सापडलेल्या क्ष-किरणांखाली मांजरांचे जठर पाहिले. मांजर संतप्त किंवा भयभीत झाले की जठराची हालचाल तत्काळ थांबे, आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होई. मांजरावर "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असा आरोप कोणी केला नाही. तो माणसावरही करू नये. मन आणि आतडे एकाच दोराची दोन टोके आहेत. परीक्षा, कोर्टाची तारीख, अपुरी झोप, घाईने गिळलेले घास ही निमित्ते कांद्याइतकीच खरी आहेत, आणि तीही नोंदवहीत यावयास हवीत.

आता प्रत्यक्ष कृती. एक साधी वही घ्यावी आणि दोन ते तीन आठवडे आहारात काहीही बदल न करता रोज लिहावे. काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले. कसे शिजविले होते. चहा-कॉफी किती झाली. औषध कोणते घेतले. रात्री झोप कशी लागली. मनावर काही ओझे होते काय. शेजारच्या रकान्यात त्रास केव्हा झाला, किती झाला आणि शौच कसे झाले ते लिहावे. शौचाच्या वर्णनाचा संकोच वाटत असेल, तर १९९७ साली प्रसिद्ध झालेली 'ब्रिस्टल' पट्टी उपयोगी पडते. तीत कठीण खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत सात प्रकार आहेत, नुसता आकडा टाकला की काम झाले. लिहिण्याचा कंटाळा करू नये आणि स्मरणावर विसंबू नये. स्मरण नेहमी फिर्यादीच्या बाजूने साक्ष देते. आणि नुसते वाईट दिवस लिहू नयेत, चांगले दिवसही तितक्याच काळजीने लिहावेत. आरोपीची निर्दोष सुटका चांगल्या दिवसांच्या पुराव्यानेच होते.

वही भरली की संशयितांची यादी करावी, आणि तींतला एकच निवडावा. तो दोन-तीन आठवडे वर्ज्य करावा. फरक पडला नाही, तर त्याला सन्मानाने पानात परत घ्यावे आणि दुसऱ्याकडे वळावे. फरक पडला, तर काम संपले असे समजू नये. खरी परीक्षा पुढेच आहे. तो पदार्थ मुद्दाम परत आणावयाचा : पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी मध्यम, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. मग दोन-तीन दिवस विश्रांती. त्रास परत आला तर संशय पक्का, आणि कितव्या दिवशी आला यावरून आपली मर्यादाही कळते. पुष्कळ माणसे पहिली पायरी चढतात आणि तेथेच बसून राहतात. कारण बरे वाटू लागले की पदार्थ परत आणण्याची छाती होत नाही. म्हणून अनेक पदार्थ एकदम सोडावयाची कडक पद्धत आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच, आणि तीही सहा आठवड्यांपुरतीच करावी. मुले, गर्भवती स्त्रिया आणि आधीच वजन उतरलेली माणसे यांनी तर ती आपल्या मनाने मुळीच करू नये.

आपल्या मास्तरांनी अशी वही तीन आठवडे लिहिली. एकवीस दिवसांत आठ दिवस वाईट गेले होते. वरण ते आठवड्यातून एकदाच, घरच्यांच्या आग्रहाखातर खात होते, आणि त्या तिन्ही दिवशी पोट शांत होते. म्हणजे ज्या वरणावर पहिली कुऱ्हाड पडली, ते संन्यासी निघाले. आठांपैकी सहा दिवशी सकाळी मित्रमंडळींबरोबर दुकानातले पोहे झाले होते, वर ओंजळभर कच्चा कांदा आणि मूठभर शेव घालून. घरी पोहे झाले त्या दिवशी मात्र काही झाले नव्हते, कारण घरचे पोहे बेताच्या कांद्याचे. उरले दोन दिवस. त्या दोन्ही दिवशी पोहे नव्हते, कांदा नव्हता. मास्तरांनी वही पुन्हा चाळली. ते दोन्ही दिवस वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीच्या दाव्याच्या तारखेचे होते. आदल्या रात्री झोप नाही, सकाळी न्याहारी नाही, कोर्टाच्या आवारात तीन कप चहा, आणि समोरच्या बाकावर सख्खा भाऊ.

मास्तरांनी कांदा तीन आठवडे सोडला आणि मग पायरीपायरीने परत आणला. दोन चमचे चालतो, ओंजळ चालत नाही, असे ठरले. शेवेचीही अशीच परीक्षा झाली, ती चिमूटभर सोसते. वरण, दही, केळे, पोळी हे सारे एकेक करून पानात परत आले, आणि वजनही भरून आले. कोर्टाच्या तारखेला ते आता थोडे खाऊन जातात आणि एकच कप चहा घेतात. मुरडा अधूनमधून अद्यापही येतो. विकार समूळ गेला, असे मी आपणांस सांगणार नाही. पण येतो तेव्हा का आला हे त्यांना ठाऊक असते, आणि ज्याचे कारण ठाऊक आहे त्या दुखण्याची धास्ती निम्मी होते.

श्रोतेहो, पथ्य या शब्दाचा अर्थ आपण 'वर्ज्य' असा करून टाकला आहे. वस्तुतः पथ्य म्हणजे जे आपल्या वाटेला मानवते ते. म्हणून आपली वही संपेल तेव्हा तीत सोडलेल्या पदार्थांच्या यादीपेक्षा परत आलेल्या पदार्थांची यादी मोठी असावयास हवी. तशी नसेल, तर चौकशीत कोठे तरी घाई झाली, असे समजावे आणि पुन्हा एकदा पुरावा तपासावा.

आणि पुढच्या पंगतीत आपल्या शेजारी कोणी हात आडवा धरून "नको" म्हणाले, तर थट्टा करू नका, आग्रहही करू नका. जेवण झाल्यावर, पान खाता खाता, हळूच विचारा : "वही ठेवली आहे का?"